शाळा आपली करायची तर

विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. इथलं ऊनच तसं. शाळेच्या त्या पहिल्या आठवड्यात सकाळी सातच्या सुमारास नागपूरच्या जुन्या वस्त्यांतून फिरावं. इतवारी, महाल, पाचपावली, इमामवाडा, टेका नाका, कुठेही जा, दृश्य सारखंच. ऑटोच्या दोन्ही बाजूंना लटकलेली दप्तरं, आत दाटीवाटीनं बसलेली पोरं, गळ्यात टाय, पायात पांढरे बूट. व्हॅनवाला हॉर्न देतो आणि आई शेवटची वेणी जिन्यातच घालते. गल्लीच्या टोकाशी महापालिकेची शाळा असते. तिच्या भिंतीवर रंगवलेले पाढे अजून वाचता येतात, पण फाटकाला कुलूप असतं. ते नसलं तर आत पाच वर्गांची मिळून एका खोलीत मावतील इतकीच मुलं असतात.

संपादकांनी या अंकासाठी ‘एकत्र’ हा विषय दिला, तेव्हा मला ही कुलपं आठवली. शाळा बंद पडत असताना तिथले पालक आणि शिक्षक एकत्र येऊन स्वतःची शाळा उभी करू शकतील का? दूध, साखर, सूत आणि पतपुरवठा सहकारातून उभा करणाऱ्या महाराष्ट्रात शाळा का उभी राहू नये? या प्रश्नाचा माग काढत नागपुरात, सेवाग्रामात, कायद्याच्या कलमांत आणि जमाखर्चाच्या वहीत जे सापडलं, ते इथे मांडतो आहे.

शाळा एका दिवसात बंद होत नाही

शाळेला कुलूप लागतं त्या दिवसाची बातमी होते. खरं बंद होणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. पहिलीत दहा मुलं यायची तिथे सहा येतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं. एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. उरलेले गुरुजी किंवा मॅडम दोन-तीन वर्ग एकत्र बसवतात. त्यातच मतदारयादीचं काम येतं, सर्वेक्षण येतं, ऑनलाइन माहिती भरायची असते. पालक हे पाहत असतात. शिक्षकच नसतील तर पोराला तिथे कशाला ठेवायचं, असा विचार करून आणखी चार घरं दाखला काढतात. पट आणखी घसरतो. मग कागदावर ‘अल्प पटसंख्या’ असा शेरा येतो आणि उरलेली मुलं जवळच्या शाळेत ‘समायोजित’ होतात.

ही गोष्ट नागपूरपुरती नाही. 2017 च्या अखेरीस राज्यानं दहापेक्षा कमी पट असलेल्या 1,314 शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय घेतला. नंतर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजणी झाली. त्या 14,783 निघाल्या. त्यांत 1,85,467 मुलं शिकत होती आणि 29,707 शिक्षक शिकवत होते. 2023 मध्ये समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याची, कल्पना पुढे आली. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निकषांनी सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेलेल्या शाळेत शिक्षकाचं पदच मंजूर होणार नाही, अशी वेळ आणली. शिक्षण हक्क कायद्यात मात्र शाळा चालू ठेवण्यासाठी किमान इतकी मुलं हवीत, अशी अट कुठेही नाही.

शहरात लोक म्हणतात, एक शाळा बंद झाली तर काय, दुसरी किलोमीटरभरावर आहे ना! नकाशावर ते खरं असतं. पण त्या किलोमीटरात रेल्वेचं फाटक येतं, रिंग रोड येतो, दारूचं दुकान येतं. सातवीतल्या मुलीची आई सकाळी धुणीभांड्यांना गेलेली असते. मुलीसोबत लहान भाऊ असतो. जवळची शाळा गेली की अशा घरात सगळ्यात आधी मुलीचंच शिक्षण अडतं. कागदावर ती पटावर राहते, वर्गात दिसत नाही.

नागपूरला हे नवं नाही

वस्तीनं शाळा आपल्या हाती घेण्याचा इतिहास या शहराला आहे. त्यातलं सगळ्यात धारदार उदाहरण जाईबाई चौधरी यांचं. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई लग्नानंतर नागपुरात आल्या. नागपूर आणि कामठीच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहून त्या पोट भरत. मिशनच्या ग्रेगरीबाईंच्या नजरेस त्या पडल्या आणि महिना चार रुपयांवर त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली. शिकवणारी बाई अस्पृश्य समाजातली आहे हे कळताच सवर्ण पालकांनी आपली मुलं काढून घेतली आणि जाईबाईंची नोकरी गेली. 1922 मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावानं स्वतःची शाळा काढली.

या गोष्टीत पालकांची एकजूट दोन्ही बाजूंना आहे, हे विसरून चालणार नाही. एका बाजूला शिक्षिकेला घालवणारे पालक एकत्र आले. दुसऱ्या बाजूला तिच्या भरवशावर आपल्या मुलींना शाळेत पाठवणारी घरं एकत्र आली. पालक एकत्र आले म्हणजे चांगलंच घडतं असं नाही. कोण कोणाला आत घेतं आणि कोणाला बाहेर ठेवतं, यावर सगळं ठरतं. सहकारी शाळेचा विचार करणाऱ्यानं पहिला धडा इथून घ्यावा.

त्याच काळात, डिसेंबर 1920 च्या नागपूर काँग्रेसनंतर सरकारी शाळा सोडण्याची लाट आली आणि राष्ट्रीय शाळा निघाल्या. नागपूरचं टिळक विद्यालय त्या लाटेतलं. देशभर अशा शाळा उत्साहात सुरू झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच काही वर्षांत मिटल्या. शिक्षकांचा त्याग होता, पालकांची भावना होती. नियमित पैसा नव्हता, आणि तिथल्या प्रमाणपत्राला बाहेर किंमत नव्हती. हे दोन प्रश्न शंभर वर्षांनी आजही तसेच उभे आहेत.

बंद पडणारी संस्था तिथल्याच माणसांनी हाती घेतल्याचं एक उदाहरण तर नागपूरकर इंडियन कॉफी हाऊसमध्ये कॉफी पिता पिता रोज पाहतात. कॉफी बोर्डानं पन्नासच्या दशकात आपली कॉफी हाऊस बंद करायला सुरुवात केली तेव्हा कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं त्यांनी सहकारी संस्था काढल्या. 1957 मध्ये बंगळूरला आणि दिल्लीला पहिल्या संस्था उभ्या राहिल्या, आणि हे जाळं नागपूरपर्यंत पोचलं. तुरेवाल्या फेट्यातला वाढपी त्या संस्थेत नोकर म्हणून नाही, सभासद म्हणून उभा असतो. नागपूरच्या शिक्षकांनाही सहकार परका नाही. गांधीसागरच्या परिसरात मुख्यालय असलेली शिक्षक सहकारी बँक त्यांनीच उभी केली. कर्ज, ठेव, वार्षिक सभा, लेखापरीक्षण हे शब्द इथल्या गुरुजींच्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

सेवाग्रामची शाळा थांबते आणि पुन्हा सुरू होते

नागपूरहून बुटीबोरी मागे टाकून वर्ध्याच्या दिशेनं गेलं की दीड-दोन तासांत सेवाग्राम येतं. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, मांडणी झाली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं सेवाग्रामात ती शाळा प्रत्यक्षात चालवली. पुढे ती थांबली. इमारती राहिल्या, झाडं राहिली, मुलं गेली. 2005 मध्ये नई तालीम समितीनं त्याच आवारात ‘आनंद निकेतन’ सुरू केलं. सुषमा शर्मा यांनी ते वर्षानुवर्षं घडवलं.

इथे वर्गाबाहेर वाफे आहेत. मुलं पेरतात, निंदतात, तोलतात, हिशेब ठेवतात. कापसाच्या बोंडापासून सुतापर्यंतचा प्रवास हातानं करतात. स्वयंपाकघरात किती डाळीला किती पाणी, यातून प्रमाण शिकतात. आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुलं, तसंच दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांची मुलं एकाच ओळीत बसून झाडलोट करतात. शाळा मराठी माध्यमाची आहे आणि तिला मान्यता आहे.

सेवाग्रामात कळलेली मोठी गोष्ट अशी की बंद पडलेली शाळा पुन्हा उभी करायची तर इमारत सगळ्यात शेवटी येते. आधी शिक्षणाबद्दल स्वच्छ कल्पना लागते. त्या कल्पनेवर विश्वास ठेवणारे शिक्षक लागतात. आणि मूल घरी येऊन ‘आज आम्ही वांगी तोडली’ म्हणालं की ‘मग अभ्यास कधी केला?’ असं विचारणाऱ्या पालकांशी दर महिन्याला बसून बोलण्याची तयारी लागते. पालकांचं शिक्षण हे अशा शाळेचं अर्धं काम आहे. पुण्याची 1992 मधली अक्षरनंदन, फलटणचं कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरचं लीलाताई पाटलांचं सृजन आनंद, नाशिकचं आनंद निकेतन या मराठी शाळांनीही हेच अर्धं काम नेटानं केलं. यांतली कोणतीही सहकारी कायद्याखाली नोंदलेली नाही. तरी त्यांच्या पालकसभांतला सहकार अनेक सहकारी संस्थांपेक्षा खरा आहे.

कायद्याच्या दारात

आता समजा, नागपूरच्या एखाद्या वस्तीतल्या शंभर घरांनी आणि चार शिक्षकांनी ठरवलं की आपली शाळा आपण काढू. त्यांना पहिली अडचण येते ती नोंदणीची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा आहे. त्याखालच्या संस्थेत भागभांडवल असतं आणि भागावर, मर्यादेत का होईना, लाभांश वाटता येतो. शाळा मात्र कोणाच्याही नफ्यासाठी चालवता येत नाही. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यात परवानगी मागण्याची वाट नोंदणीकृत न्यास, संस्था किंवा कंपनी यांच्यासाठी आहे. म्हणून चालण्याजोगा मार्ग असा: किमान सात जणांनी 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायची, धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंद करायची, आणि सहकाराचा गाभा त्या संस्थेच्या घटनेत शब्दांनी लिहायचा.

खरं राजकारण या घटनेतच असतं. एका घराला एक मत, देणगी कितीही दिली तरी. शिक्षकांना मत असावं, पण पगार ठरवताना ते बाजूला राहतील. ज्यांचं मूल शाळेतून बाहेर पडलं ते किती वर्षं सभासद राहतील? कार्यकारिणीत एका कुटुंबाचे किती जण बसतील? हे लिहून ठेवलं नाही तर दहा वर्षांत शाळा कोणाच्या तरी घरची होते. सहकारातून वर आलेली घराणी आपण पाहिली आहेत. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी 1950 च्या सुमारास आपला साखर कारखाना उभारला तेव्हा अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ या अर्थशास्त्रज्ञाला बसवलं. विठ्ठलराव विखे पाटलांसारखा लोकांतला माणूस आणि हिशेब जाणणारा अभ्यासक यांची ती जोडी होती. शाळेलाही अशी जोडी लागेल.

दुसरं दार मान्यतेचं. शिक्षण हक्क कायद्याचं 18 वं कलम सांगतं की मान्यतेशिवाय शाळा चालवता येणार नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. खोल्या, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण हे सगळं मोजलं जातं. शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. मराठी शाळांनी या दारात फार सोसलं आहे. नाशिकच्या आनंद निकेतनला चांगली शाळा असूनही मान्यतेसाठी झगडावं लागलं. ज्या राज्यात मराठी शाळा पटाअभावी बंद होतात, त्याच राज्यात मराठी शाळा काढायला निघालेल्यांना वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं, हे मनाला लागतं.

जमाखर्चाची वही

कायद्याचं दार उघडलं तरी पैशाचं उघडेलच असं नाही. एक साधा हिशेब मांडू. पहिली ते पाचवी, शंभर मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानं 91 ते 120 मुलांना चार शिक्षक लागतात. प्रत्येकाला महिना 25,000 रुपये धरले, जे सरकारी शिक्षकाच्या पगाराच्या तुलनेत कमीच आहेत, तरी वर्षाचे बारा लाख झाले. भाडं, वीज, पाणी, सफाई, साहित्य, विमा यांना आणखी चार लाख धरू. एकूण सोळा लाख. म्हणजे एका मुलामागे वर्षाला 16,000 आणि महिन्याला सुमारे 1,333 रुपये.

गवंडीकाम करणाऱ्या बापाच्या आणि चार घरी भांडी घासणाऱ्या आईच्या घरात दोन मुलं असतील तर महिन्याला 2,667 रुपये. महापालिकेच्या शाळेत त्यांना फी नव्हती, पुस्तकं आणि गणवेश मिळत होता, दुपारी खिचडी मिळत होती. म्हणजे शाळा आपली झाली की सगळ्यात गरीब घर तिच्यातून आधी बाहेर पडणार. यावर उपाय एकच: फी घराच्या ऐपतीप्रमाणे ठेवायची आणि तूट सगळ्यांनी मिळून भरायची. सधन घर 3,000 देईल, मजुराचं घर 200 देईल आणि शनिवारी दोन तास मैदानावर श्रमदान करेल. ते श्रमदान सधन घरालाही चुकणार नाही. पैसे देणारे आणि अंगमेहनत करणारे असे दोन गट शाळेत पडले की सहकार संपलाच.

या हिशेबात आणखी एक आकडा बसवून पाहावा. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत 25 टक्के जागांवर घेतलेल्या गरीब मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं मुलामागे वर्षाला कमाल 17,670 रुपये प्रतिपूर्तीचा दर ठरवला. आपल्या काल्पनिक शाळेचा खर्च त्याहून कमी आहे. एका मुलाला शिकवायला किती पैसा लागतो, हे सरकारला माहीत आहे. तो खर्च वस्तीतल्या शाळेवर करायचा की नाही, इतकाच निर्णय उरतो.

बास्क देशातल्या पालकांनी काय केलं

स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांच्या भाषेवर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घाला आला. सान सेबास्तियनमध्ये एल्बिरा झिपिट्रिया या शिक्षिकेनं घरातच मुलांना बास्क भाषेत शिकवायला सुरुवात केली. साठच्या दशकापासून अशा शाळा वाढल्या. त्यांना ‘इकास्तोला’ म्हणतात. त्यांतल्या अनेक पालकांच्या सहकारी संस्था म्हणून चालल्या. 1977 पासून दरवर्षी गिपुस्कोआ प्रांतात ‘किलोमेत्रोआक’ नावाचा उत्सव होतो. हजारो माणसं ठरलेल्या मार्गावर चालतात आणि जमलेला पैसा एका गरजू इकास्तोलाला जातो. पुढे बास्क सरकार आलं. 1993 च्या कायद्यानं या शाळांना सरकारी व्हायचं की स्वतंत्र राहायचं, हे निवडायला लावलं. काही सरकारी झाल्या, काही सहकारी राहिल्या. स्वतंत्र राहिलेल्यांनाही सरकारचा पैसा मिळतो.

मराठी पालकांना यात घेण्याजोगं बरंच आहे. तिथल्या पालकांनी शाळा आपल्या हाती घेतली आणि सरकारवरचा हक्कही सोडला नाही.

पहिला सहकार बंद होणाऱ्या शाळेतच

हे सगळं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं. पालक-शिक्षकांनी स्वतःची शाळा काढणं हा शेवटचा उपाय आहे. शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला शेजारची शाळा मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे नागपुरात महापालिकेवर टाकली आहे. पहिली ते पाचवीसाठी किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. पालकांनी वर्गणी काढून शाळा चालवली आणि महापालिकेनं सुटकेचा निःश्वास टाकला, तर तो सहकाराचा पराभवच ठरेल.

आणि पालकांच्या हाती सहकाराचं एक हत्यार आधीच आहे. त्याचं नाव शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याच्या 21 व्या कलमानं तिच्यातले 75 टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि राज्याच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष पालकांतून होतो. शाळेचं कामकाज पाहणं, अनुदानाचा वापर तपासणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचे अधिकार आहेत. बहुतेक शाळांत ही समिती सहीपुरती उरली आहे. सभेची वही घरोघर फिरते आणि सभा होत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत याच्या उलट घडलं. तीनच मुलं उरली होती, शाळा बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे बदलून आले. गावानं साथ दिली, मुलं एकमेकांची विषयमित्र होऊन एकमेकांना शिकवू लागली. 2025 मध्ये त्या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. शाळा सरकारचीच राहिली. शिक्षक सरकारी, इमारत सरकारी, बळ मात्र गावाचं.

नागपूरच्या वस्त्यांत हे जमेल का? जमण्यासारखं आहे, पण त्याला वेळापत्रक आहे. शाळेचा पट सप्टेंबरअखेर मोजला जात असला तरी ठरतो तो आधीच्या थंडीत, आई-बाप पुढच्या वर्षीची शाळा शोधतात तेव्हा. विकास आराखडाही आर्थिक वर्ष संपण्याआधी व्हायचा असतो. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून मार्चपर्यंतचे महिने हातात आहेत. या महिन्यांत समितीची सभा खरोखर भरवावी. शाळेत इंग्रजी बोलायला कोण शिकवणार, मुलींना सोबत कोण नेणार, रिकामी खोली वाचनालयाला द्यायची का, शिक्षकाला किती दिवस बाहेरच्या कामाला पाठवलं याची नोंद कोण ठेवणार, हे ठराव लिहावेत. त्यांच्या प्रती केंद्रप्रमुखांपासून महापालिका आयुक्तांपर्यंत पोचवाव्यात आणि पोच घ्यावी. गुरुजींनी घरोघर जाऊन पट मागावा, पालकांनी त्यांच्यासोबत जावं. एवढं करूनही कुलूप लागलं, तर त्या वस्तीला स्वतःची शाळा काढण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि तोवर ती काढायला लागणारी माणसं, सभेची सवय आणि एकमेकांवरचा विश्वास तिच्याकडे तयार झालेला असेल.